पाचवी चिमणी



जूनच्या पहिल्या तारखेला मासेमारी बंद झाली. मिरकरवाड्याला होड्या शाकारून उभ्या आहेत. आता ३१ जुलैपर्यंत आपल्या ताटात सुके बोंबील, सुकट, नाही तर खाडीत जे काही गवसेल ते. म्हणून या दिवसांत रविवारची मिस्सा संपली की निम्म्या घरांची पावले चिकनच्या दुकानाकडे वळतात. शेवटचा आशीर्वाद देताना काही जणांच्या हातात घडी केलेली पिशवी दिसते. ती कशासाठी आहे हे मला कळते. मी दोष देत नाही. माझ्याकडेही आज तेच शिजणार आहे.

आजच्या शुभवर्तमानात (मत्तय १०:२६-३३) प्रभू येशू आपल्याला अशाच एका दुकानासमोर नेऊन उभे करतो. एका दमडीत दोन चिमण्या मिळतात, हा भाव त्याला ठाऊक आहे. हे वचन आपण इतक्या वेळा ऐकले आहे की चिमण्या म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अंगणातल्या, झाडावरच्या चिमण्या येतात. पण ज्या विकायला मांडल्या होत्या त्या कशासाठी? गरिबाच्या जेवणासाठी. त्या काळच्या बाजारातले ते सगळ्यांत स्वस्त मांस होते. ग्रीक शास्त्रपाठात त्या नाण्याचे नाव 'अस्सारिओन' असे आहे. रोमी दीनाराचा तो सोळावा भाग, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आठवा. म्हणजे तासाभराहून कमी कामाच्या पैशात दोन चिमण्या. आपला प्रभू सुताराच्या घरात वाढला. हा भाव त्याने पुस्तकात वाचला नव्हता. मारिया मातेने त्याला कधी तरी बाजारात पाठवले असेल.

आता संत लूकचे शुभवर्तमान उघडा (१२:६). तिथे भाव थोडा वेगळा आहे: दोन दमड्यांत पाच. हिशेब करून पाहा. एकीला दोन, तर दोहोंना चार व्हायला हव्यात. पाचवी वर टाकलेली आहे, आपली भाजीवाली मावशी वर थोडी कोथिंबीर टाकते तशी. त्या पाचवीला बाजारात किंमतच नाही. आणि प्रभू म्हणतो की त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही.

ही पाचवी चिमणी गेले काही दिवस माझ्या मनातून उठायला तयार नाही. कारण कोंबडीविषयी, अंड्याविषयी, मटणाविषयी आपल्याला कोणी ना कोणी सतत काहीतरी सांगत असते. खा म्हणून सांगते, खाऊ नका म्हणून सांगते, त्यांना खाऊ देऊ नका म्हणून सांगते. टीव्हीवर, फोनवर, वर्तमानपत्रात, गावच्या पारावर. या सगळ्या सांगण्यात जो जीव विकला जातो त्याचे काय, तो जीव जो पाळतो त्याचे काय आणि ज्याच्या ताटात तो पडायचा आहे त्याचे काय, हे आपण किती वेळा विचारतो?

चाळिशी ओलांडलेल्यांना दूरदर्शनवरची ती हिंदी जाहिरात आठवत असेल. वार कोणताही असो, रोज अंडे खा, असे ती यमक जुळवून सांगायची. मुले ती शाळेच्या वाटेवर म्हणत जायची. ती जाहिरात कोणा एका दुकानदाराची नव्हती. १९८२ साली कुक्कुटपालकांनी एकत्र येऊन 'नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी' उभी केली. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचे डॉ. बी. व्ही. राव यांचा त्यात पुढाकार होता. तोवर अंड्याचा भाव व्यापारी ठरवत आणि पाळणारा कर्जात बुडे. आपला भाव आपणच ठरवायचा, आणि लोकांनी जास्त अंडी खावीत म्हणून प्रचारही आपणच करायचा, असे त्यांनी ठरवले. आजही सकाळी अंड्याचा जो दर निघतो तो याच कमिटीचा. त्याआधी आपल्याकडे अंडे म्हणजे आजाऱ्याचे, बाळंतिणीचे किंवा पाहुण्याचे खाणे होते. एका पिढीत ते रोजचे झाले. गरिबाच्या मुलाला स्वस्तात कस मिळाला, हे त्या प्रचाराचे चांगले फळ. मी ते नाकारत नाही.

पण विकण्यासाठी केलेला प्रचार जे सांगायचे नाही ते सांगत नाही. ते मी पुढे सांगतो.

दुसऱ्या प्रकारचा निरोप भीतीचा असतो, आणि त्याचे पाय पहिल्याहून चपळ. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू सापडला. भारतातली ती पहिलीच वेळ. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. त्या वर्षी भारतात एकाही माणसाला त्या रोगाची लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. पण नवापूरपासून शेकडो मैलांवरच्या खाणावळींतूनही कोंबडी नाहीशी झाली, आणि मग लोकांची भीती जावी म्हणून पुढाऱ्यांना कॅमेऱ्यासमोर बसून चिकन खावे लागले. आपण ते पाहून हसलो. भीती घालायला एक वाक्य पुरते, ती काढायला जेवणावळ घालावी लागते.

आता जे लिहायचे आहे ते मला जड जाते.

मार्च २०२० चे दिवस आठवा. कोरोनाचे नाव नुकतेच सगळ्यांच्या तोंडी झाले होते. आपल्या धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप आला: ब्रॉयलर कोंबडीत, म्हणजे आपण सगळे ज्याला 'बॉयलर' म्हणतो त्यात, हा विषाणू सापडला आहे, कोणीही खाऊ नये. सोबत रोगट कोंबड्यांचा फोटो. पाठवणारी व्यक्ती सुशिक्षित आणि देवभीरू, काळजीपोटीच पाठवला. मी तो दोनदा वाचला. पडताळला एकदाही नाही. ८ मार्चला, उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी, मिस्सानंतरच्या सूचना वाचताना शेवटी मी म्हटले, "सध्या शक्यतो चिकन टाळलेले बरे." एवढेच. आवाजही चढवला नव्हता.

केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने फेब्रुवारीतच स्पष्ट केले होते की कोंबड्यांमुळे हा रोग पसरत असल्याचे कुठेही आढळलेले नाही. फेब्रुवारीच्या शेवटी हैदराबादला तेलंगणाच्या मंत्र्यांनी व्यासपीठावर चिकन खाऊन दाखवले होते. बातमी सर्वत्र होती. मला पाहायची असती तर दिसली असती.

आपल्याच धर्मग्रामातल्या एका बांधवाची शहराबाहेर एक शेड आहे. कंपनीच्या करारावर पिल्ले घेतली की पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे आणि शेड, मेहनत, वीज-पाणी आपले. भाव पडला तरी मुख्य घाटा कंपनीचा. पण त्या खेपेला त्याने स्वतःच्या खर्चाने पंधराशे पिल्ले आणली होती. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावी येतात, कोंबडीला मागणी असते, त्या बेताने. १० मार्चला धुळवड होती. कोंबड्या चाळीस दिवसांच्या होत आल्या होत्या, दोन-दोन किलो भरत होत्या. व्यापाऱ्याने गाडी पाठवली नाही.

तीन-चार दिवसांनी तो संध्याकाळी माझ्याकडे आला. भांडायला आला नव्हता. बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "व्यापाऱ्याचं मला समजतं फादर, त्याचा धंदा आहे. पण आपल्या चर्चमधल्या चार घरांनी सांगून ठेवलेल्या कोंबड्या रद्द केल्या. म्हणाले, फादरच म्हणाले. तुम्ही हे कुठं वाचलंत?"

मला उत्तर देता आले नाही. 'ग्रुपवर आलं होतं' हे काही उत्तर नव्हते.

ज्यांनी कधी कोंबड्या पाळल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. चाळीस-बेचाळीस दिवसांनंतर ती जात रोज खाते, पण त्या खाण्याचा पैसा परत येत नाही. थांबून भाव चढायची वाट पाहावी, असे तिच्याबाबत करता येत नाही. त्याने गावात वाटल्या, जो नेईल त्याला दिल्या. फुकट म्हटल्यावर लोक अधिकच घाबरले. फुकट का देतो, काहीतरी असणारच. मग टाळेबंदी लागली, खाद्याची गाडी बंद झाली. उरलेल्या दुबळ्या होऊन मरत गेल्या. शेडमागे खड्डा खणून, चुना टाकून त्याने त्या पुरल्या. खणायला त्याचा मुलगा होता, तेव्हा आठवीत. त्यांच्यापैकी एकीलाही काही रोग नव्हता. बाजारात त्यांना किंमत उरली नव्हती, इतकेच.

काही आठवड्यांनी मी त्याला फोन केला आणि क्षमा मागितली. "जाऊ दे फादर," असे तो म्हणाला. त्याच्या जागी मी असतो तर म्हणालो असतो की नाही, कोण जाणे. पण वेदीवरून मी याबद्दल कधी बोललो नाही. नोव्हेंबरमध्ये चर्च पुन्हा उघडले तेव्हा घराघरांत इतके दुःख होते की हे कुठे काढायचे, अशी मी स्वतःची समजूत घातली. ते कारण नव्हते. लाज होती.

आजचे शुभवर्तमान पुन्हा वाचा. जे कानात ऐकले ते धाब्यावरून सांगा, असे प्रभू आपल्या शिष्यांना बजावतो. मी नेमके उलटे केले. खोटे होते ते धाब्यावरून सांगितले आणि खरे होते ते फोनवर कानात सांगितले. आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नये म्हणून सांगते, आणि ख्रिस्तसभेची धर्मशिकवण (क्र. २४८७) सांगते की सत्याविरुद्ध केलेल्या अपराधाची भरपाई करणे हे कर्तव्य आहे, नुसते पापनिवेदन केले म्हणून ते सुटत नाही. तेव्हा आज लिहून देतो: ८ मार्च २०२० रोजी मी वेदीवरून जे सांगितले ते खरे नव्हते, आणि खरे आहे की नाही हे पाहण्याची तसदी मी घेतली नव्हती. त्या बांधवाला विचारून हे छापत आहे. नाव घालू नये, एवढीच त्याची अट.

याचा अर्थ प्रत्येक इशारा म्हणजे अफवा, असाही घेऊ नका. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०२१ मध्ये, परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावी शेकडो कोंबड्या मेल्या तेव्हा तो खरोखर बर्ड फ्लू होता. आपल्या दापोलीत मेलेल्या कावळ्यांच्या नमुन्यांतही तो सापडला होता. तेव्हा मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, मांस आणि अंडी नीट शिजवून खा, असे जे सांगितले गेले ते योग्य होते आणि ऐकायलाच हवे होते. दोन्ही निरोप फोनवरच आले. एकामागे तपासणी होती, दुसऱ्यामागे नुसता फोटो. फरक ओळखायला पाच मिनिटे पुरतात, पण ती पाच मिनिटे आपण देत नाही.

विकणारा जे सांगत नाही त्याकडे आता येतो. आपल्या एका घरातली मुलगी कॉलेजात शिकते. तिने फोनवर एक व्हिडिओ पाहिला आणि चिकन, अंडी दोन्ही सोडले. नाताळच्या दिवशी आजीने केलेल्या रश्श्याला तिने हात लावला नाही. आजीला ते फार लागले. "आपल्यात असलं काही नसतं," असे सुरू झाले आणि पोरगी धर्म सोडते की काय इथवर गोष्ट गेली. शेवटी समजूत घालायला तिला माझ्याकडे आणले.

मी तिला तो व्हिडिओ दाखवायला सांगितला. २०२० नंतर मी एवढे तरी शिकलो होतो. पिंजऱ्यात कोंडलेल्या, अंडी देणाऱ्या कोंबड्या. हे कुठले परदेशातले असेल, असे मला वाटले. पण मग शोधून पाहिले. आपल्या देशाच्या विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये याच विषयावर आपला २६९ वा अहवाल दिला आहे. असे पिंजरे आपल्याकडे सर्रास आहेत, आणि पक्ष्याला हलायला पुरेशी जागा न देणे हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याशी विसंगत आहे, असे त्यात म्हटले आहे. एका कोंबडीच्या वाट्याला किती जागा येते? तुमच्या हातात हे जे पत्रक आहे त्याच्या एका पानाहून कमी. त्यावर ती सव्वा-दीड वर्ष उभी असते. पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही, अंडे घालायला आडोसा मिळत नाही. आणि त्या जातीचे जे नर निपजतात ते अंडी देत नाहीत आणि मांसालाही परवडत नाहीत, म्हणून हॅचरीतच पहिल्या दिवशी मारले जातात. पाचवी चिमणी म्हणतात ती हीच.

व्हिडिओ खरा होता. आता मी त्या मुलीला काय सांगायचे?

देवाने प्रथम माणसाला आणि पशूंना वनस्पती अन्न म्हणून दिल्या (उत्पत्ती १:२९-३०). प्रलयानंतर नोहाला मांसाची मोकळीक मिळाली (उत्पत्ती ९:३-४), पण त्याच वाक्याला लागून मर्यादा आली: रक्त खायचे नाही, कारण जीव देवाचा आहे. जी सवलत मिळाली ती अटीसकट मिळाली. धर्मशिकवण (क्र. २४१७ व २४१८) दोन्ही गोष्टी सांगते. अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग करणे योग्य आहे. आणि विनाकारण त्यांना छळणे किंवा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे कार्डिनल असताना एका जर्मन पत्रकाराने त्यांची प्रदीर्घ मुलाखत घेतली होती. ती २००० साली पुस्तकरूपाने आली. तीत त्यांना प्राण्यांविषयी विचारले तेव्हा त्यांनी याच कोंडलेल्या कोंबड्यांचा दाखला दिला. प्राण्याला असे नुसती वस्तू करून टाकणे बायबलमधल्या नात्याच्या विरुद्ध आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा हे खूळ आजच्या पोरांनी परदेशातून उचलले, असे आजीला सांगायची माझी तयारी नव्हती.

मी आजीलाच विचारले, तुमच्याकडे पूर्वी कोंबड्या होत्या ना? झाले, आजी खुलली. संध्याकाळी डालग्याखाली कशा झाकायच्या, मुंगसापासून कशा सांभाळायच्या, खुडूक बसलेल्या कोंबडीखाली अंडी कशी ठेवायची. खुडूक कोंबडी कापायची का, असे मी विचारले. "छे हो फादर, पिल्लांची आई ती!" पिल्लांवर बसलेल्या पक्षिणीला पिल्लांसकट नेऊ नये हा नियम अनुवादाच्या पुस्तकात आहे (२२:६-७). आजीने तो वाचलेला नव्हता. तिला तो माहीत होता. आणि ज्या प्रभूने यरुशलेमकडे पाहून, कोंबडी पिल्लांना पंखांखाली घेते तसे तुला घ्यावे अशी मला किती इच्छा होती म्हणून शोक केला (मत्तय २३:३७), त्यानेही अंगणातली खुडूक कोंबडी जवळून पाहिली असणार. पिंजऱ्यातल्या कोंबडीवरून हा दृष्टान्त सुचला नसता.

मुलीलाही मी एक गोष्ट सांगितली. संत पौल रोमकरांस लिहितो (अध्याय १४) की खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. पहिला अर्धा भाग तुझ्या आजीसाठी, दुसरा तुझ्यासाठी. शिवाय व्हिडिओ बनवणाऱ्यालाही तुझ्याकडून काहीतरी हवे असते. खरे दाखवतानाही कोणते क्षण निवडायचे ते तोच ठरवतो. तिने अजून मांस खाल्लेले नाही. आजी आता तिच्यासाठी वालाची उसळ वेगळी काढते. चर्चच्या सणाच्या पंगतीत आपण एवढेही करत नाही. न खाणाऱ्याला कोपऱ्यात बटाट्याची भाजी वाढतो आणि वर थट्टा करतो. ख्रिस्ती माणसाची ओळख मटणाच्या तुकड्यावर ठरते, असे आपल्याविषयी इतरांनी म्हटले तर आपल्याला राग येतो. मग आपणच तसे का वागावे? आणि हो, उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून आपण सुरमई आणतो, तिचे प्रायश्चित्त कोणत्या खात्यात मांडले जाते, हेही एकदा बसून ठरवायला हवे.

दुसऱ्याच्या ताटाविषयी बोलतो आहे तर तिसऱ्या प्रकारच्या निरोपाबद्दलही थोडे सांगतो: त्यांना खाऊ देऊ नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले. जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे किंवा दुसरे फळ. माझ्या मते हा अगदी संत पौलाच्या चालीचा निर्णय होता. खाणाऱ्याला अंडे, न खाणाऱ्याला केळे, कोणी कोणाला हिणवायचे नाही. काही गटांनी विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा निधी थांबवला आणि हवे असल्यास लोकसहभागातून करा, असे शाळांना कळवले. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवली महापालिकेने मटण-चिकनची दुकाने बंद ठेवायला लावली, त्यावरूनही बरीच ओढाताण झाली. राजकारण मला करायचे नाही. पण संत पौल जेव्हा म्हणतो की माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर मी मांस खाणार नाही (१ करिंथ ८:१३), तेव्हा तो स्वतःच्या ताटातले बाजूला ठेवतो. शेजारच्या मुलाच्या ताटातले उचलत नाही.

मला माहीत आहे, कोणी विचारेल: फादर, पिंजऱ्यातल्या कोंबडीचे दुःखही सांगता आणि शाळेतल्या मुलाला तिचे अंडेही हवे म्हणता, मग नक्की काय? मला त्यात पूर्ण मेळ घालता येत नाही, तेव्हा घातल्याचे सोंग करत नाही. आठवड्यातून एक अंडे मिळणाऱ्या मुलाकडून कोंबडीच्या वाट्याची जागा वसूल करायची नाही, एवढे मला कळते. ती वसूल करायची तर ज्यांच्या घरी रोज आहे त्यांच्याकडून, माझ्याकडूनही. आपल्या गावात येणारी बहुतेक अंडी आणि कोंबड्या आंबा घाट उतरून येतात. त्या कशा वाढल्या हे आपण पाहू शकत नाही. पण वाडीत ज्या बायका अजून दहा-पंधरा गावठी कोंबड्या राखून आहेत त्यांची अंडी महाग पडतात म्हणून आपण घासाघीस करतो. संत व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीच्या सभासदांशी माझे बोलणे झाले आहे. जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारून, त्यांची आणि पालकांची इच्छा असेल तर आठवड्याचे अंडे आपण पुरवावे, आणि ती अंडी होता होईल तो या बायकांकडून घ्यावीत. सगळी जमणार नाहीत. जेवढी जमतील तेवढी. ज्यांना सहभागी व्हायचे आहे त्यांनी सोसायटीच्या सभासदांकडे नाव द्यावे.

आणि एक. ज्या बांधवाबद्दल वर लिहिले त्याने यंदा पुन्हा शेड सुरू केली आहे. पंधराशे नाही, चारशेच पिल्ले. मुलगा आता मदतीला असतो. कोंबडी कशी वाढते हे ज्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आहे त्यांनी यावे, असे त्याने स्वतःहून कळवले आहे. विचारायचे ते तिथेच विचारा, म्हणतो. किती जागा, किती दिवस, काय खायला, औषध कोणते, सगळे सांगीन. पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आपण जाऊ. ती कॉलेजातली मुलगीही येणार आहे. चपला बाहेर ठेवाव्या लागतील, दारात औषधाच्या पाण्यात पाय बुडवावे लागतील आणि एका वेळी पाचच जणांना आत सोडतील. पावसामुळे खालचा भाताचा तूस दमट होतो, त्यामुळे वास असेल. लहान मुलांना आणायला हरकत नाही, पण पिल्ले घाबरतात, म्हणून ओरडू नका असे त्यांना आधीच सांगून ठेवा.

ख्रिस्तात आपला,
फादर